अर्बुदघ्न विषाणू : सिद्धांत, प्रमाण आणि रुग्ण

ऑक्टोबर १९९६ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात बिशॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आकाराने तो लहान होता. परंतु त्याचा परिणाम पुढील दहा वर्षे टिकला. त्यातील प्रतिपादन असे : मानवी पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते, आणि पेशीत बिघाड झाला असता तिची वाढ थांबविणे हे त्या प्रथिनाचे कार्य होय. अ‍ॅडेनोविषाणू पेशीत शिरला म्हणजे ई-१-बी-५५-के हे आपले प्रथिन वापरून तो प्रथम पी-५३ ला निष्प्रभ करतो आणि मगच आपली प्रजा वाढवितो. आता हे विषाणू-प्रथिनच काढून टाकले तर निरोगी पेशीत पी-५३ जागे राहील व विषाणूची वाढ होणार नाही. उलट, माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत पी-५३ मुळातच बिघडलेले असते. तेथे हा पंगू विषाणू निर्वेधपणे वाढेल, पेशी फोडील आणि शेजारच्या पेशीत जाईल. पहारेकरी जेथे आधीच मेलेला आहे तेथे पहारेकऱ्याला मारण्याचे शस्त्र लागतच नाही, असा हा युक्तिवाद होता. ह्या विषाणूस पुढे ओनिक्स-०१५ हे नाव मिळाले.

युक्तिवादाचा सुडौलपणा आणि त्याची सत्यता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तर्कशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. तरीही विज्ञानाच्या वाङ्मयात ही गल्लत पुनःपुन्हा होते. जनुकीय फेरफार केलेल्या विषाणूंनी कर्करोगाच्या पेशी मारण्याच्या प्रयत्नांविषयी गेल्या तीन दशकांत जे लेखन झाले त्याचे परीक्षण करावयाचे झाल्यास ह्याच गल्लतीपासून आरंभ करणे इष्ट ठरते.

१९९८ सालीच 'जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी' मधील दोन स्वतंत्र निबंधांत असे दाखविण्यात आले की, ह्या विषाणूची वाढ पेशीतील पी-५३ च्या स्थितीवर अवलंबून नाही. पी-५३ शाबूत असलेल्या काही कर्कपेशींतही तो वाढत होता. ह्याचे कारण शेवटी २००४ मध्ये ओशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॅन्सर सेल' मधील निबंधात मांडले. ई-१-बी-५५-के ह्या प्रथिनाचे आणखी एक कार्य असते : विषाणूचे उत्तरकालीन आर.एन.ए. पेशीकेंद्रातून बाहेर पोचविणे. निरोगी पेशीत ते प्रथिन नसले म्हणजे ही वाहतूक खोळंबते आणि विषाणू थांबतो. काही कर्कपेशी मात्र ही वाहतूक स्वतःच करून देतात. म्हणजे विषाणूत निवडकपणा होता, पण तो ज्या कारणाने असल्याचे सांगितले गेले त्या कारणाने नव्हता.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो केवळ पांडित्याचा नाही. औषध गुणकारी असेल तर त्याच्या गुणाचे कारण चुकीचे सांगितले गेले म्हणून काय बिघडले? सिंकोनाच्या सालीने हिवताप उतरत असे तेव्हा हिवतापाचा जंतू कोणास ठाऊक होता? हा आक्षेप वरवर सबळ वाटतो. परंतु सिंकोनाची साल कोणत्याही सिद्धांताच्या आधारे रुग्णास दिली जात नव्हती. ओनिक्स-०१५ दिला जात होता. कोणत्या रुग्णास तो द्यावा, कोणत्या अर्बुदात त्याचा उपयोग संभवतो, निरोगी पेशींना त्यापासून कितपत धोका आहे, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे पी-५३ च्या सिद्धांतावरूनच काढावयाची होती. तो पाया सरकल्यावर निवडीची कसोटीच उरली नाही. ज्या रुग्णाच्या अर्बुदात आर.एन.ए.ची वाहतूक होऊ शकत नाही, परंतु पी-५३ मात्र बिघडलेले आहे, त्या रुग्णास ह्या सिद्धांतानुसार विषाणू टोचणे म्हणजे त्याच्या उरलेल्या थोड्या दिवसांतील काही दिवस व्यर्थ घालविणे होय.

तथापि ह्या विषाणूच्या चाचण्या निष्फळ होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००० साली 'नेचर मेडिसिन' मध्ये खुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान ह्या भागांतील कर्करोगाच्या ३७ रुग्णांवरील चाचणीचा वृत्तांत दिला. (तोंडाचा कर्करोग भारतात ज्या प्रमाणात आढळतो ते पाहता ह्या चाचणीकडे येथील वाचकाने अधिक लक्ष द्यावयास हवे होते.) सिस्प्लॅटिन व ५-फ्लुओरोयुरॅसिल ह्या रूढ औषधांच्या जोडीला विषाणू थेट अर्बुदात टोचण्यात आला. सहा महिन्यांनंतर ज्या अर्बुदांनी प्रतिसाद दिला होता त्यांपैकी एकही पुन्हा वाढले नव्हते. केवळ औषधे मिळालेली, परंतु विषाणू न टोचलेली अर्बुदे मात्र सर्व वाढली होती. ह्या चाचणीची रचना विचक्षण होती, कारण ज्या रुग्णांत एकाहून अधिक अर्बुदे होती तेथे एका अर्बुदात विषाणू टोचून दुसरे तुलनेसाठी तसेच ठेवता आले. एकाच शरीरातील दोन अर्बुदांची तुलना झाल्यामुळे वय, आहार, रोगाची अवस्था इत्यादी भेद आपोआप वगळले गेले. परंतु ह्याच रचनेतून तिची मर्यादाही उघड होते. न टोचलेले अर्बुद वाढत राहिले, ह्याचा अर्थ विषाणू एका गाठीतून दुसऱ्या गाठीकडे जाऊन ती नष्ट करील ही आशा फलद्रूप झाली नाही. आणि माणूस बहुधा मरतो तो डॉक्टरांच्या सुईला न सापडलेल्या गाठींनी.

अमेरिकेत ओनिक्स-०१५ चे काम पुढे अर्धवट सोडून देण्यात आले. चीनमध्ये मात्र त्याचाच जवळचा भाऊबंद असलेला एच-१०१ हा विषाणू नोव्हेंबर २००५ मध्ये औषध म्हणून संमत झाला. जगात कर्करोगावर जनुकीय फेरफार केलेला अर्बुदघ्न विषाणू प्रथम संमत झाला तो हाच. तेथील चाचणीत रूढ औषधांसह विषाणू मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्क्यांत अर्बुद आक्रसले. केवळ औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. फरक लहान नाही. परंतु संमतीसाठी जे मोजले गेले ते अर्बुदाचा आकार होय. रुग्ण किती काळ जगला ते नव्हे. हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण ह्या संपूर्ण वाङ्मयाची किल्ली त्यातच आहे असे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

आता 'लक्ष्यवेध' ह्या शब्दाकडे वळावयास हवे. विषाणू कर्कपेशीचा 'वेध घेतो' असे म्हणताना तीन वेगवेगळे अर्थ एकत्र मिसळले जातात. एक, विषाणू शरीरातून फिरून कर्कपेशीपाशीच पोचतो; दोन, तो कर्कपेशीतच शिरतो; तीन, तो शिरतो कोठेही, परंतु वाढतो केवळ कर्कपेशीत. मराठी वाचकाच्या मनात लक्ष्यवेध म्हटल्याबरोबर अर्जुन आणि पक्ष्याचा डोळा उभा राहतो, म्हणजे पहिलाच अर्थ. आजवर संमत झालेल्या विषाणूंच्या बाबतीत खरा असतो तो बहुतांशी तिसरा. पोचविण्याचे काम विषाणू करीत नाही. ते डॉक्टराचा हात आणि त्याची सुई करते. हा भेद न पाळल्यामुळे अनेक लेखांच्या प्रस्तावनेत एक विषाणू वर्णिलेला असतो आणि निष्कर्षात दुसराच वावरत असतो.

तिसऱ्या अर्थाचा निवडकपणा कसा घडवितात हे टी-व्हेक, अर्थात टॅलिमोजीन लाहेरपारेपव्हेक, ह्या विषाणूच्या रचनेवरून उत्तम कळते. हा मूळचा हर्पिस सिंप्लेक्सचा पहिला प्रकार. ओठांच्या कडेला पुरळ उठते ते ज्याने, तो. (बोलीभाषेत ज्याला नागीण म्हणतात तो विषाणू निराळा, जरी एकाच कुळातला.) निरोगी पेशीत विषाणू शिरला म्हणजे ती पेशी आपले प्रथिननिर्मितीचे यंत्रच बंद करते, जेणेकरून विषाणूलाही काही घडविता येऊ नये. हा विषाणू आय.सी.पी.-३४.५ ह्या प्रथिनाच्या साहाय्याने ते यंत्र पुन्हा चालू करतो. टी-व्हेकमध्ये ह्या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकलेल्या आहेत. त्यामुळे निरोगी पेशीत तो अडतो, आणि ज्या कर्कपेशींत यंत्र बंद करण्याची ही सोयच नाहीशी झालेली आहे तेथे वाढतो. काढलेल्या जनुकाच्या जागी जी.एम.-सी.एस.एफ. ह्या मानवी प्रथिनाचे जनुक बसविले आहे, ते रोगप्रतिकारक पेशींना पाचारण करण्यासाठी. ह्याशिवाय आय.सी.पी.-४७ हे जनुकही वगळले आहे. संसर्ग झालेल्या पेशीने विषाणूची खूण आपल्या पृष्ठभागावर दाखवू नये अशी व्यवस्था ते करीत असते. ते गेल्याने पेशी आपली ओळख लपवू शकत नाही. थायमिडीन कायनेज हे जनुक मात्र मुद्दाम राखले आहे, कारण त्याच्यावरच असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध अवलंबून असते. १९९१ साली मार्टुझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या अर्बुदावर वापरलेला पहिला फेरफारयुक्त हर्पिस विषाणू नेमका ह्याच जनुकाच्या अभावाने निवडक झाला होता. म्हणजे तो अनावर झाल्यास हे औषध हाताशी उरले नसते. येथे रचनाकारांनी मागील चुकीतून घेतलेला धडा दिसतो.

टी-व्हेकची निर्णायक चाचणी 'ऑप्टिम' ह्या नावाने ओळखली जाते. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या मेलॅनोमाच्या ४३६ रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली; २९५ जणांच्या गाठींत विषाणू टोचला गेला व १४१ जणांना केवळ जी.एम.-सी.एस.एफ. त्वचेखाली देण्यात आले. मोजावयाचे मुख्य मान म्हणजे किमान सहा महिने अखंड टिकलेला प्रतिसाद. तो विषाणूच्या गटात १६.३ टक्के व दुसऱ्या गटात २.१ टक्के आढळला. आयुर्मानाचा मध्यांक २३.३ महिने विरुद्ध १८.९ महिने असा आला. परंतु ह्या फरकाचे पी-मूल्य ०.०५१ होते, म्हणजे ठरविलेल्या ०.०५ ह्या मर्यादेच्या केसभर पलीकडे.

टीकाकारांनी ह्या केसभर अंतरावर बरीच शाई खर्च केली आहे. ते अंतर तितके महत्त्वाचे नाही. ०.०५१ आणि ०.०४९ ह्यांत निसर्गाच्या दृष्टीने भेद नसतो. तो भेद माणसांनी सोयीसाठी केलेला आहे. अधिक मूलगामी आक्षेप दोन आहेत. पहिला तुलनागटाविषयी. जी.एम.-सी.एस.एफ. हे मेलॅनोमावरील सिद्ध औषध नव्हते. त्याची निवड समर्थनीय होती ती एकाच अर्थाने : विषाणूत तेच जनुक असल्यामुळे गुण विषाणूचा की केवळ त्या प्रथिनाचा, हे तिने ठरू शकत होते. परंतु चाचणी उघड स्वरूपाची होती. आपल्याला कोणता उपचार मिळत आहे हे रुग्णास ठाऊक होते, आणि दुबळा पक्ष मिळालेल्या गटातून रुग्ण लवकर बाहेर पडले. त्याच सुमारास, २०११ मध्ये, इपिलिमुमॅब व वेमुराफेनिब ही नवी औषधे अमेरिकेत संमत झाल्याने ज्या प्रतिस्पर्ध्याशी तुलना झाली तो निष्कर्ष छापून येण्यापूर्वीच कालबाह्य ठरला होता. ह्यात संशोधकांचा दोष नाही; चाचणी २००९ मध्ये सुरू झाली होती.

दुसरा आक्षेप उपगटांत दडलेला आहे आणि तो अधिक बोलका आहे. रोग त्वचा व लसिकाग्रंथी ह्यांपुरता मर्यादित होता अशा, तिसऱ्या अवस्थेतील रुग्णांत टिकाऊ प्रतिसाद ३३ टक्के होता, तुलनागटात शून्य. रोग फुप्फुसापर्यंत गेलेल्यांत तो ३ टक्के होता, तुलनागटात ४. अन्य अंतरिंद्रियांत पसरलेल्यांत ७ विरुद्ध ३. गाठींच्या पातळीवर केलेल्या पुढील पाहणीतही हीच पायरीपायरीने उतरण दिसते : टोचलेल्या गाठींपैकी ६४ टक्के निम्म्याहून अधिक आक्रसल्या, न टोचलेल्या परंतु अंतरिंद्रियांबाहेरच्या ३४ टक्के, आणि अंतरिंद्रियांतील अवघ्या १५ टक्के. ह्या तीन आकड्यांचे दोन अर्थ संभवतात. उत्साही समीक्षक म्हणेल की न टोचलेल्या गाठीही आक्रसल्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागृत झाली. आणि ते खरे आहे, ओनिक्स-०१५ च्या मानाने ही निश्चित प्रगती होय. सावध समीक्षक म्हणेल की ही जागृती सुईपासून जसजसे दूर जावे तसतशी मंदावते. तेही खरे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१५ मध्ये संमती देताना औषधपत्रिकेतच नमूद केले की, ह्या उपचाराने एकूण आयुर्मान वाढते किंवा अंतरिंद्रियांतील रोगावर परिणाम होतो असे दिसून आलेले नाही. अशा प्रांजळ वाक्याचा शास्त्रीय मासिकांतील आढाव्यांत मात्र क्वचितच उल्लेख होतो.

ह्यानंतरची अपेक्षा जोडउपचारांवर खिळली. विषाणूने प्रतिकारशक्ती जागवावी आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधाने तिच्यावरचा लगाम काढावा, ही कल्पना तर्कदृष्ट्या पी-५३ च्या सिद्धांताइतकीच मोहक आहे. २०१७ मध्ये 'सेल' मध्ये २१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ६२ टक्के रुग्णांत प्रतिसाद आढळला. तुलनागट नव्हता. मग ६९२ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तीही अशी की अर्ध्या रुग्णांच्या गाठींत विषाणूऐवजी निष्क्रिय द्रव टोचला गेला व कोणास काय मिळाले हे रुग्ण वा डॉक्टर कोणासच माहीत नव्हते. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. प्रतिसाद ४८.६ टक्के विरुद्ध ४१.३ टक्के, पूर्ण प्रतिसाद १७.९ विरुद्ध ११.६, म्हणजे अर्बुदे अधिक आक्रसली. पण रोग पुढे सरकण्याचा काळ अर्थपूर्ण रीतीने वाढला नाही, आणि मृत्यूच्या जोखमीचे गुणोत्तर ०.९६ निघाले. एकविसांत जे दिसले ते सहाशे ब्याण्णवांत विरून गेले. आकार आणि आयुष्य ह्यांचा संबंध किती सैल असू शकतो ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण ह्या क्षेत्रात नाही, आणि एच-१०१ च्या ७९ टक्क्यांकडे मागे वळून पाहताना ते विसरता येत नाही.

पेक्सा-व्हेक ह्या गोस्तनदेवीच्या कुळातील विषाणूची कथाही ह्याच वळणाची असल्याने ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. यकृताच्या कर्करोगाच्या ३० रुग्णांत अधिक मात्रेने १४.१ महिने व कमी मात्रेने ६.७ महिने आयुष्य असा २०१३ मधील निष्कर्ष; नंतर १२९ रुग्णांच्या चाचणीत अपयश; आणि २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी निष्फळतेच्या कारणास्तव मध्येच बंद.

ह्या सर्व अपयशांकडे पाहून संपूर्ण मार्गच भ्रामक होता असा निष्कर्ष काढणारे वाचक आढळतात. तसे म्हणणे इतिहासास धरून नाही. ह्याआधीच्या पिढीने फेरफार न केलेले, जंगली विषाणू रुग्णांना दिले होते. १९४९ साली हॉजकिन रोगाच्या २२ रुग्णांना काविळीच्या विषाणूने दूषित झालेले रक्तद्रव्य देण्यात आले. १९५२ साली साउदम व मूर ह्यांनी न्यूयॉर्क येथे असाध्य कर्करोगाच्या ३४ रुग्णांना 'इजिप्त-१०१' हा पश्चिम नाईलचा विषाणू दिला. थोड्यांत अर्बुदे काही काळ आक्रसली, पण काहींचा मेंदू विषाणूने ग्रासला. १९५६ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३० स्त्रियांत अ‍ॅडेनोविषाणू टोचला असता निम्म्याहून अधिक वेळा अर्बुदाचा भाग मृत झाला, परंतु आयुष्य वाढले नाही. ह्याच साउदम ह्यांनी १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात २२ वृद्ध, दुर्बल रुग्णांना जिवंत कर्कपेशी त्या कर्कपेशी आहेत हे न सांगता टोचल्या होत्या, आणि त्यावरून उठलेल्या वादाने मानवी प्रयोगांतील संमतीचा प्रश्न ऐरणीवर आणला. ह्या पार्श्वभूमीवर टी-व्हेकची चाचणी, तिच्या सर्व उणिवांसह, निराळ्याच युगातील वाटते. रुग्णास मेंदूज्वर होत नाही. थंडी, ताप, थकवा येतो. पहिली मात्रा मुद्दाम शंभरपट सौम्य ठेवून, तीन आठवडे थांबून, मगच पूर्ण मात्रा दिली जाते. सुरक्षिततेच्या बाबतीत जनुकीय फेरफारांनी आपले वचन पाळले आहे. गुणाच्या बाबतीत ते अंशतः पाळले गेले आहे, एवढेच.

शेवटी जपानमधील अलीकडील कामाचा निर्देश करावयास हवा, कारण ते वर मांडलेल्या आकार-आयुष्याच्या प्रश्नास अनपेक्षित कलाटणी देते. तोक्यो विद्यापीठातील तोमोकी तोदो ह्यांनी जी-४७-डेल्टा ह्या हर्पिस विषाणूत तीन ठिकाणी फेरफार केले. एकाच बदलावर विसंबून न राहता तीन कुलपे घातली, असे म्हणता येईल. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या अथवा पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या १९ रुग्णांच्या मेंदूतील अर्बुदात तो सहा वेळांपर्यंत टोचला गेला. जून २०२१ मध्ये जपानने त्यास सात वर्षांच्या मुदतीची, सशर्त संमती दिली. २०२२ च्या 'नेचर मेडिसिन' मधील वृत्तांतानुसार विषाणू देण्यास आरंभ झाल्यापासून एका वर्षाने ८४.२ टक्के रुग्ण जिवंत होते, आणि आयुर्मानाचा मध्यांक २०.२ महिने होता. तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. जुन्या चाचण्यांच्या संकलनातून काढलेले १५ टक्के हे मान समोर ठेवले होते. जुन्या रुग्णांशी अशी तुलना करताना निवडीचा दोष शिरतो. प्रकृतीने बरे असलेले, मेंदूत सुई सहन करू शकणारे रुग्णच नव्या चाचणीत येतात. हा आक्षेप सर्वविदित आहे व तो येथेही लागू पडतो.

परंतु ह्या वृत्तांतातील खरी विचारप्रवर्तक बाब वेगळी आहे. प्रत्येक टोचणीनंतर चुंबकीय प्रतिमेत अर्बुद लहान न होता मोठे दिसू लागे. त्या जागेतून काढलेल्या ऊतींत लसिकापेशींची गर्दी आढळली. म्हणजे प्रतिमेतील वाढ निदान अंशतः रोगाची नसून प्रतिकाराची होती. चीनमध्ये अर्बुद आक्रसले आणि आयुष्य मोजले गेले नाही. येथे आयुष्य मोजले गेले आणि अर्बुद आक्रसलेच नाही. रूढ मोजमापाने दोन वर्षांत १९ पैकी एकाच रुग्णात अर्बुद अंशतः लहान झाल्याची नोंद आहे, इतर अठरांत 'स्थिर'. वर्षाअखेर जिवंत होते सोळा. ह्या दोन आकड्यांमधील अंतर विषाणूने पडले की रुग्णांच्या निवडीने, हे तुलनागटावाचून ह्या चाचणीवरून ठरत नाही.